नग अठरा

विश्रामबागेच्या मागं, शंभर फुटी रस्त्याला
सात मजल्यांचं काम चालू होतं,
तिथं मी स्टोअरकीपर.
पत्र्याची खोली, एक टेबल, एक फॅन,
भिंतीला कुठल्याशा हळदीच्या पेढीचं कॅलेंडर,
आणि माझं अक्षर चांगलं.
अक्षर चांगलं म्हणूनच घेतलं होतं मला.

सेफ्टी बेल्ट, नग अठरा.
हेल्मेट पिवळी, नग चाळीस.
हातमोजे, जोड साठ.
आले, वाटले, सही.
रोज सकाळी पट्टीनं ओळ ओढायचो,
शाईचा पॅड फिरवायचो.

बेल्ट माझ्याच खोलीत होते,
वरच्या फळीवर, प्लास्टिकमध्ये.
"इन्स्पेक्शन असलं की काढू," खोतसाहेब म्हणायचे,
"मळले तर पुन्हा कोण देणार?"
मलाही पटायचं.
घरी नवी चादरसुद्धा आम्ही
पाहुणा आला तरच अंथरतो.

वर परांचीवर माणसं चालायची
शेताच्या बांधावरनं चालावं तशी.
हेल्मेटात केराबाई पाणी आणायची,
कुणी खिळे ठेवायचं, कुणी कांदा-भाकर.
मी बघायचो आणि लिहायचो: वापरात आहे.
खोटं नव्हतं.
वापरात होतंच.

मंगळवारी, दुपारी पावणेतीन.
तिसऱ्या मजल्याला बाहेरनं गिलावा चालला होता.
दुंडाप्पा, जतकडचा, घमेलं घ्यायला वाकला.
कडाड वाजलं. बांबू असेल, मला वाटलं.
मी बाहेर येईपर्यंत
वाळूच्या ढिगात त्याच्या मापाचा खड्डा पडलेला.

वाळू होती म्हणून.
सकाळीच डंपरवाल्यानं ती चुकीच्या जागी ओतली होती
आणि मी त्याला आईवरनं शिव्या घातल्या होत्या.

संध्याकाळी खोतसाहेबांनी रजिस्टर मागितलं.
"अंगठा आहे ना त्याचा?"
होता.
निळा, स्वच्छ, एकेक रेष मोजावी असा,
माझ्या ओळीत नीट बसलेला.
"मग झालं. बेल्ट दिला होता. त्यानं घातला नाही."
पान मिटलं.

तिसऱ्या दिवशी मिरजेला, दवाखान्यात,
मोसंबी घेऊन गेलो.
कमरेला प्लास्टर, पाय वजनाला टांगलेला.
त्याची बायको शिवगंगा
भिंतीकडं तोंड करून बसलेली, वळलीच नाही.
दुंडाप्पा हसला.
अर्धं कानडीत, अर्धं मराठीत म्हणाला,
"मास्तर, तुमचं अक्षर लई चांगलं म्हणत्यात.
एक सांगा की.
त्या वहीत, माझ्या अंगठ्याच्या शेजारी,
काय लिहिलेलं हुतं?"

मी मोसंबी सोलत राहिलो.
सालीचा रस डोळ्यात उडाला,
ते एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत
फळीवरनं खोकं उतरवलं.
ब्लेडनं प्लास्टिक फाडलं.
नव्या नायलॉनचा वास आला,
जूनमधल्या दप्तराला येतो तसा.
मोजले. सतरा.
टेबलावर पसरून पुन्हा मोजले. सतराच.
जुन्या फाइलीतनं चलन काढलं:
नग अठरा, तपासून घेतले,
खाली सही माझी. काय वळणदार सही.
अठरावा बेल्ट
कधी आलाच नव्हता.

आता टेबल बाहेर टाकलंय, परांचीच्या पायाशी, उन्हात.
बकल लागल्याचा खटका ऐकतो,
वर दोरी लोखंडाला अडकलेली बघतो,
मग टिक करतो.
मल्हारी म्हणतो, टोपड्यात डोकं शिजतंय.
शिजू दे म्हणतो.
खोतसाहेब घड्याळ दाखवतात.
ते या महिन्यात मला काढतील, किंवा पुढच्या.

सतरा माणसं वर जातात.
अठरावा खाली राहतो, माल कालवायला,
रोज नवा, रोज कुरकुरत.
त्याच्या नावापुढं मी लिहितो: बेल्ट नाही.
घाई होते, पट्टी सापडत नाही,
ओळी तिरक्या जातात.
अक्षर बिघडलंय माझं अलीकडं.